अळणी जेवणाची सवय

आमच्या घरात स्वयंपाक मी करायची आणि चव नवरा बघायचा. माझ्या सासूला चुलीपाशी उभं राहून चाखलेलं खपत नसे. आधी सगळ्यांना वाढायचं, मग आपण जेवायचं, अशी तिची शिस्त. त्यामुळे लग्न झाल्यापासून मी हाताच्या अंदाजानं मीठ टाकायला शिकले, आणि शंका आली की वाटीत थोडं कालवण घालून नवऱ्यासमोर धरायची. तो घोट घ्यायचा आणि सांगायचा, "मीठ घाल अजून." बहुतेक वेळा हेच सांगायचा.

तो पेणकडच्या खाडीकाठच्या गावातला. त्यांची मिठागरं होती. लहानपणी शाळा सुटली की तो थेट मिठागरावर जायचा आणि बापाबरोबर मीठ ओढायचा. दुपारच्या जेवणाला भाकरी, कांदा, निखाऱ्यावर भाजलेला सुका बोंबील, आणि वर चिमूटभर मीठ लागायचंच. तेवढ्या उन्हात दिवसभर घाम गाळणाऱ्या माणसांना ते पचत असे. पुढे मिठागरं बंद पडली. नवरा ट्रक चालवायला लागला. दिवसभर बसून काम, घाम म्हणावा असा नाहीच, पण जिभेला ते कुणी कळवलं नव्हतं. ढाब्यावर जेवताना तो डाळीतसुद्धा वरून मीठ घ्यायचा. घरी आला की ताटात लोणचं, पापड आणि तळलेल्या बोंबलाच्या शेजारी मिठाची वेगळी वाटी ठेवावी लागे.

मला भाऊ नाही. वडील गेल्यावर किहीमची नारळाची वाडी बघायला कुणी उरलं नाही, म्हणून आम्ही इकडे राहायला आलो. मुलगी तोवर लग्न होऊन पुण्याला गेली होती. वाडीत पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं यायची. त्यांना राहायला खोली आणि जेवायला मासळीचं ताट. नवऱ्यानं ट्रक सोडला. सकाळी तो मासळी आणायचा, मी रांधायची, तो वाढायचा. पाहुणे मला काकू म्हणायचे आणि जाताना आगरी मसाल्याची पुडी मागून न्यायचे. दमायला व्हायचं, पण दोघांचं त्यात बरं चाललं होतं.

मग त्याचे पाय सुजायला लागले. संध्याकाळी चप्पल काढली की पट्ट्याचा वळ पायावर तसाच राहायचा. तो म्हणायचा, उभं राहून होतंय. एकदा मी घोट्यावर बोट दाबलं तर खळगा पडला आणि भरून यायला वेळ लागला. मी त्याला धरून अलिबागला डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर बाई होत्या, आमच्या मुलीपेक्षा थोड्या मोठ्या असतील. त्यांनी रक्तदाब दोनदा मोजला, रक्त-लघवी तपासायला पाठवली, आणि रिपोर्ट आल्यावर आम्हाला समोर बसवून सांगितलं की दाब बरीच वर्षं वाढलेला असणार, मूत्रपिंडं थकली आहेत. पूर्वीसारखी होणार नाहीत, पण आहेत तेवढी सांभाळता येतील.

"काका, मीठ कमी करायचं. वरून घेता तेवढंच नाही. लोणचं, पापड, फरसाण, सुकी मासळी, सगळं बंद. पावात, बिस्किटातसुद्धा मीठ असतं."

"सुकी मासळी बंद?" नवऱ्यानं एवढंच विचारलं.

"बंद. आणि रक्तात पोटॅशियम वाढलंय, म्हणून शहाळ्याचं पाणीही नको."

नारळाच्या वाडीत राहणाऱ्या माणसाला हे सांगितलं गेलं. घरी आल्यावर त्यानं शहाळ्यांचा घड पाहुण्यांच्या खोलीसमोर नेऊन ठेवला आणि खाटेवर जाऊन पडला.

त्या दिवसापासून माझ्या गॅसवर दोन भांडी चढायला लागली. एक पाहुण्यांचं, एक त्याचं. नुसतं मीठ वगळून भागत नाही हे मला हळूहळू कळलं. आमसूल घालावं तर ते मिठात घोळवून सुकवलेलं. कोकमाचं आगळ घ्यावं तर त्यात मीठ. तयार मसाल्यात मीठ. शेजारणीनं सैंधव वापरायला सांगितलं, तर डॉक्टर म्हणाल्या तेही मीठच. कुणीतरी कमी सोडियमच्या मिठाची पिशवी आणून दिली. ती डॉक्टरांनी बघितली आणि म्हणाल्या, यात सोडियमच्या जागी पोटॅशियम आहे, काकांना हे जास्त घातक, आजच टाकून द्या. आलं, लसूण, मिरी, लिंबू, कैरी यांच्यावर मी दिवस काढायला लागले.

पहिल्या दिवशी त्यानं घास घेतला आणि थाळी पुढे सरकवली. "हे कालवण न्हाय. मासळी धुतलेलं पाणी हाय."

"सवय होईल म्हणाल्या ना डॉक्टर. दोन-तीन महिने लागतात जिभेला."

"त्यांनी खाऊन बघितलंय काय?"

मीसुद्धा ते भांडं चाखलं होतं आणि मला ते गिळवलं नव्हतं. त्याचं वजन उतरलं. तो अर्धी भाकरी खाऊन उठायचा आणि ओटीवर बसून पाहुण्यांची ताटं आत जाताना बघायचा. तळलेल्या सुरमईचा वास सगळ्या वाडीत भरलेला असायचा. भांडण करायला त्याच्यात जोर नव्हता आणि समजूत घालायला माझ्यात. दिवसभर दोन-दोन स्वयंपाक करून माझी कंबर धरायची. रात्री मी त्याला गोळी दिली की आम्ही दोघं पाठ फिरवून झोपायचो.

अशातच त्याच्या पुतण्याचं लग्न निघालं. पेणकडे, त्याच्याच गावात. हळदीला गेलो. आमच्याकडे हळदीला सगळं गाव जेवतं. मांडवात मटण होतं, वड्यांची परात होती, आणि भावकीतल्या कुणीतरी खास त्याच्यासाठी म्हणून सुकटीचं कालवण आणून ठेवलं होतं. मी बायकांच्या पंगतीत होते. तिथून मला तो दिसत होता. खाली मान घालून जेवत होता. मी उठून जावं असं मनात आलं, पण चार माणसांत नवऱ्याचा ताटावरचा हात धरणं मला जमलं नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो पोटभर जेवत होता, हेही होतं. माणसं त्याला आग्रह करत होती आणि तो हसत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला धाप लागली. आडवं पडलं की श्वास कोंडायचा, म्हणून तो भिंतीला टेकून बसला. ओठ काळसर दिसायला लागले. पुतण्याच्या वरातीसाठी गाडी आली होती, तिच्यातूनच आम्ही त्याला अलिबागच्या दवाखान्यात आणलं. छातीत पाणी झालं होतं. नाकाला नळी लावली, पाणी उतरण्याची इंजेक्शनं दिली. मी बाकावर बसून राहिले. अंगावर लग्नाची साडी होती आणि केसांत गजरा तसाच होता. एका नर्सनं मला चहा आणून दिला आणि काही न विचारता निघून गेली.

तो बरा होऊन बोलायला लागला तेव्हा म्हणाला, "पहिला घास घेतला ना, मग हातच थांबंना. लई दिवसांनी जिभेला काहीतरी लागलं."

"माहीत आहे," मी म्हटलं.

"तू बघत होतीस?"

"बघत होते."

त्यानं पांघरूण छातीवर ओढलं. मग म्हणाला, "आता न्हाय खानार."

आणि त्यानं खरंच नाही खाल्लं. इतक्या वर्षांत त्यानं दुसरं कुठलंच बोलणं इतकं पाळलेलं मी बघितलेलं नाही. भीतीनं पाळलं असेल. नळी नाकात घालताना जे वाटलं ते तो विसरला नव्हता. दुधी, पडवळ, घोसाळं, लहान तुकडा मासा, जे वाढेन ते खायचा. चवीबद्दल बोलणं त्यानं बंद केलं. आणि मग एक दिवस, मी वाढलेल्या भेंडीवर लिंबू पिळून खाता खाता तो म्हणाला, "आज मीठ जास्त झालं काय?" भेंडीत मीठ नव्हतंच. ती भेंडीची स्वतःची चव होती. डॉक्टरांनी सांगितलेली सवय त्याच्या जिभेला झाली होती आणि आम्हा दोघांना ती कळलीही नव्हती.

हे जरा मार्गी लागतंय तोच तापाची साथ आली. आम्ही दोघंही पडलो. त्याचीच काळजी होती, पण तो थोडक्यात निभावला. माझा ताप गेला, खोकला गेला, मी ओट्यापाशी उभी राहिले. सकाळची वेळ होती, तव्यावर बांगडे टाकले होते. नवरा अंगणातून ओरडत आला, "अगं, जळतंय. वास येत न्हाय तुला?" तव्यातून धूर निघत होता, मला तो डोळ्यांनी दिसत होता. वास मात्र नव्हता. मी मसाल्याचा डबा उघडून नाकाशी धरला. मग लसूण चिरडून बघितला. मग रॉकेलच्या बाटलीचं बूच काढलं. काहीच नाही. नाकाच्या जागी भिंत बांधल्यासारखं झालं होतं.

सगळे म्हणाले येईल आठ-पंधरा दिवसांत. अनेकांना आलाही. माझा आला नाही.

वास गेला की चव जाते हे मला तोवर माहीत नव्हतं. जिभेला खारट, आंबट, गोड, कडू कळत होतं, मिरचीची आग कळत होती. पण बांगडा आणि सुरमई यांत फरक उरला नाही. भात ओल्या कागदासारखा लागायचा. डॉक्टर म्हणाल्या, "आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग नाकाचा असतो, काकू. थांबायला लागेल." किती, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं.

पाहुणे यायला लागले होते. त्यांना नाही म्हणायची आमची परिस्थिती नव्हती, आणि घरात बसून काय करायचं हाही प्रश्न होताच. पहिल्या रविवारी मी नवऱ्याला म्हटलं, "एक थेंब जिभेवर ठेवा आणि थुंका. तेवढं सांगा." त्यानं चमच्याचं टोक जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"लई खारट. विष झालंय."

मी घाबरून नारळाचं दूध घातलं, पाणी घातलं. पाहुणे जेवायला बसले. पहिला घास घेऊन सगळे एकमेकांकडे बघायला लागले. त्यांतले एक वयस्कर गृहस्थ फार अदबीनं म्हणाले, "काकू, जरा मीठ मिळेल का?"

आत येऊन आम्ही दोघं ओट्यापाशी उभे राहिलो. त्याची जीभ आता वेगळी झाली होती आणि माझी नव्हतीच. तो म्हणाला, "मी तोंड वाकडं केलं की समज बरोबर झालंय." मी हसले. खूप दिवसांनी हसले असेन. पुढे महिनोन्‌महिने आमचं स्वयंपाकघर त्यावरच चाललं. त्याच्या तोंडाकडे बघायचं. नाक आकसलं तर पाहुण्यांना चालेल. थू करून चूळ भरली तर जास्त. "बरं हाय" म्हणाला तर मुठीतलं मीठ अजून टाकायचं. पाहुणे पूर्वीसारखंच ताटं चाटूनपुसून जायचे आणि मसाल्याच्या पुड्या मागायचे.

माझं स्वतःचं खाणं मात्र बिघडत गेलं, आणि ते माझ्या लक्षात आलं नाही. जेवणात काही लागेना म्हणून मी जे लागेल ते शोधायला लागले. गोड कळत होतं, म्हणून चहात साखर वाढत गेली. दातांखाली कुरकुरलं की खाल्ल्यासारखं वाटायचं, म्हणून टोस्ट, चकल्या, फरसाण. दुपारी भात-आमटी दोन घास खाऊन मी उठायची आणि तासाभरानं गुळाचा खडा तोंडात टाकायची. पाहुण्यांसाठी आणलेलं श्रीखंड उरलं की डबा घेऊन मागच्या पायरीवर बसायची. भूक नसायची. काहीतरी आत जातंय हे जिभेला कळावं एवढंच हवं असायचं. पोट भरल्याची खूण जी आतून मिळते ती मिळत नव्हती. मला वाटतं, ती खूणही वासातच कुठेतरी असते.

ब्लाऊज दंडाला घट्ट व्हायला लागले. सारखी तहान लागायची. पायांत गोळे यायचे. दुपारी ओटीवर टेकले की उठवत नसे. मला वाटलं वय झालं, काम जास्त आहे, नवऱ्याच्या आजारपणात झीज झाली. कुणीही तेच म्हणालं असतं.

नवऱ्याच्या तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी त्याचे रिपोर्ट बघितले, बरे आहेत म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

"काकू, तुम्ही पाणी किती वेळा प्यायलात इथे बसल्यापासून?"

माझ्या हातात रिकामी बाटली होती.

"आलाच आहात तर तुमचंही रक्त देऊन जा."

साखर निघाली. थोडीथोडकी नाही. डॉक्टरांनी दिवसभरातलं खाणं विचारलं, मी सांगत गेले, आणि सांगता सांगता मलाच कळत गेलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "जिभेला जेवढं कळत होतं तेवढंच तुम्ही खात गेलात. असं होतं. पण आता चवीवर जेवायचं नाही, घड्याळावर जेवायचं."

मला रडू वगैरे आलं नाही. नवरा माझ्या गोळ्या घेऊन येईपर्यंत मी तिथल्या खुर्चीत बसले. घरात आता दोन आजारी माणसं होती, आणि संध्याकाळचा स्वयंपाक मलाच करायचा होता.

एक गोष्ट मात्र सोपी झाली. आमच्या दोघांचं भांडं एक झालं. मीठ त्याच्यामुळे नाही, साखर माझ्यामुळे नाही. मला ते अळणी काही वेगळं लागत नव्हतं. लागायचं ते सगळं सारखंच. ताटात भाजी जास्त, भात मुठीएवढा. मी घड्याळ बघून जेवायची, औषध घ्यावं तसं. तो समोर बसून सांगायचा, "आज पडवळ गोड हाय," आणि मी मान हलवायची.

मग वास परत यायला लागला, आणि तो आला तोही वाकडा. थंडी सरत आली होती, बाजारात आमच्याकडचा पांढरा कांदा आला होता. मी कांदा चिरायला घेतला आणि घरात काहीतरी कुजल्याचा वास आला. मला आधी आनंदच झाला की काहीतरी वास येतोय. मग वाटलं कपाटामागे उंदीर मेलाय. नवऱ्यानं कपाट ओढलं, मोरी धुतली, गॅसची नळी तपासली. शेवटी त्यानं विळीवरचा कांदा उचलून माझ्या नाकाशी धरला आणि मी मागे सरले. तो वास कांद्याचाच होता. जो कांदा लोक इतक्या लांबून येऊन माळा घेऊन जातात, जो आम्ही लहानपणी सफरचंदासारखा खायचो, त्याचा मला गटारासारखा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी तळणाऱ्या मासळीचं तेच. जळक्या रबराचा वास. फोडणीतला लसूण तसाच. नाकाला पदर बांधून मी दोन रविवार काढले. तिसऱ्या रविवारी तव्यापाशी मला उलटी झाली. नवऱ्यानं गॅस बंद केला, मला बाहेर आणून बसवलं, आणि उरलेल्या तुकड्या स्वतः तळून पाहुण्यांना वाढल्या. त्यांतल्या निम्म्या कच्च्या राहिल्या होत्या. पाहुणे चांगले होते, काही बोलले नाहीत.

संध्याकाळी ते गेल्यावर तो म्हणाला, "बंद करू या ताट."

"आणि पाहुणे?"

"खोल्या हायत ना. जेवण गल्लीतून येईल."

आमच्या गल्लीत एक बाई घरगुती जेवण करून द्यायच्या, त्यांना सांगितलं. मी त्यांना मसाल्याचं प्रमाण दिलं. त्यांचं जेवण माझ्याइतकं तिखट नसतं, पण पाहुण्यांना त्याचं काही वाटलं नाही. इतक्या वर्षांची माझी ओळख एका आठवड्यात दुसऱ्या घराकडे गेली. त्याचं दुःख व्हायला हवं होतं. मला फक्त आठवतंय की त्या रविवारी मी दुपारी झोपले आणि उठले तेव्हा कंबर दुखत नव्हती.

डॉक्टरांनी रोज चार डब्या हुंगायला सांगितल्या होत्या. लवंग, लिंबाची साल, निलगिरी, गुलाबपाणी. हुंगताना तो वास आठवायचा, म्हणायच्या. मी देवापुढे दिवा लावावा तसं सकाळ-संध्याकाळ ते करत होते. विश्वास नव्हता, पण सांगितलेलं करायची सवय लागली होती. कुजका वास हळूहळू फिका होत गेला.

त्यानंतर काही महिन्यांनी आम्ही नणंदेकडे गेलो. नवऱ्याची ही मोठी बहीण, विधवा, त्यांच्या जुन्या गावातच असते. आई गेल्यापासून त्याला आईच्या जागी तीच. हाताला चवही आईचीच. तिला त्याच्या पथ्याचं माहीत होतं. आम्ही पोचलो तर तिनं आधीच सांगून टाकलं, "मीठ निम्मंच घातलंय हो वयनी. सोडे दोनदा धुतलेत. एक दिवस खाऊ दे त्याला."

सोडे, म्हणजे सोलून सुकवलेली कोलंबी, घालून वांगं-बटाटा केला होता. तांदळाची भाकरी. मला वाटलं थोडंसं खाईल, फार खाल्लं तर मी बोलेन. मी बोलायची तयारी करूनच बसले होते.

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला, तोंडात घातला. आणि थांबला. गिळला आणि पाणी प्याला. दुसरा घास त्यानं नुसत्या बटाट्याचा घेतला. तोही पाण्याबरोबर गेला. मग तो कोरडी भाकरी खायला लागला.

"काय रं? खात का न्हायस?" नणंद म्हणाली.

"खातोय की."

"कुठं खातोस. वांगं घे. तुझ्यासाठीच केलंय."

"बाय, खारट लागतंय गं मला."

तिनं बोट रश्शाला लावून चाखलं. "खारट? अळणी हाय हे. माझी सून खानार न्हाय असलं." मग ती माझ्याकडे बघायला लागली, मी काही सांगितलं असेल म्हणून. मी मान हलवली. तिनं ताटाकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, "आई करायची तसंच केलंय रं."

"व्हय. माहीत हाय."

तो खोटं बोलून दोन घास जास्त खाऊ शकला असता. पण त्याला खरंच ते जात नव्हतं. हळदीच्या दिवशी ज्या माणसाचा हात थांबत नव्हता, तोच हा. नणंद उठून आत गेली आणि ताकाचा तांब्या घेऊन आली. ताकात मीठ नव्हतं. तो ताक प्याला. मग गावातलं कोण गेलं, कोणाची जमीन रस्त्यात गेली, मिठागरांच्या जागेवर आता काय होणार, हे बोलणं झालं. निघताना नेहमीसारखी सोड्यांची पिशवी द्यायला ती आत वळली, आणि मग मधेच थांबून तिनं आमच्या हातात भोपळा दिला.

परतीच्या एसटीत तो खिडकीशी बसला होता. वडखळच्या पुढे म्हणाला, "डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं झालं. जीभ बदलली."

"चांगलंच झालं ना."

"चांगलंच झालं." जरा वेळानं म्हणाला, "आईच्या हातचं आता मला जेवता यायचं न्हाय."

मला जे सांगायचं होतं ते मी तिथे, नणंदेच्या घरी बोलले नव्हते. सांगावं की नको असंही वाटत होतं. मग सांगितलं. "मला सोड्यांचा वास आला आज."

तो वळला. "कुजका?"

"नाही. बरोबर आला. अगदी थोडा, पहिल्या दोन घासांना. मग गेला."

"कसा होता?"

मी सांगायचा प्रयत्न केला. सुक्या कोलंबीचा उन्हातला वास असतो तो, त्याखाली लसूण, त्याखाली चुलीचा धूर असल्यासारखं काहीतरी, जरी नणंद आता गॅसवर करते. मला नीट सांगता येत नव्हतं. तो ऐकत होता. मधेच म्हणाला, "आणि शेवटी जिभेवर गोड लागतं बघ जरासं."

"तिथपर्यंत नाही पोचला," मी म्हटलं.

एसटीत गर्दी वाढली. एका म्हाताऱ्या बाईला जागा द्यायला तो उठला आणि अलिबागपर्यंत उभाच राहिला.

याला आता बराच काळ झाला. त्याची मूत्रपिंडं आहेत तिथेच आहेत, डॉक्टर म्हणतात तिथेच राहणं ही चांगली गोष्ट आहे. माझी साखर कधी आवाक्यात असते, कधी नसते. लिंबाचा वास मला आता पुरता येतो, मासळीचा अर्धा, कांद्याचा कधी बरा कधी वाईट. मुलगी पुण्याहून फोन करते आणि विचारते, जेवणात काय केलंस. मी सांगते. ती म्हणते, आई, तेच तेच खाऊन कंटाळत नाही का गं. कंटाळा येतो. त्यालाही येतो. कंटाळा आला म्हणून वेगळं काही खाण्याची ताकद मात्र आम्हा दोघांच्यात उरलेली नाही.

नणंद मागच्या महिन्यात राहायला आली होती. तिला चक्कर येते म्हणून मीच तिला आमच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. दाब वाढलाय म्हणाल्या. सुकी मासळी बंद म्हणाल्या. ती तिथल्या तिथे म्हणाली, "बाई, माझं वय झालंय. मला राहू द्या." डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि मीठ निम्मं करा एवढंच सांगितलं. घरी येऊन ती आमच्याबरोबर जेवायला बसली. दुधी होता, भाकरी होती, कैरी किसून घातलेली मुगाची आमटी होती. तिनं चार घास खाल्ले, मग मीठ मागितलं. मी मिठाची वाटी आणून तिच्यासमोर ठेवली. नवऱ्यानं ती थोडी तिच्याकडे सरकवली आणि आपलं जेवत राहिला.